दहापैकी तीन

जपानातल्या किनोसाका गावात व्यसनोपचाराचा पदव्युत्तर वर्ग चालतो म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसणारच. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या कारखान्यांची विटांची धुरांडी दिसतात, प्रत्येकावर मालकाचं नाव पांढऱ्या अक्षरांत. थंडी पडून तांदूळ वाफवायला लागले की गल्लीबोळांत गोडसर, आंबूस वास भरतो आणि शाळेत जाणारी पोरंसुद्धा तो छाती भरून घेत जातात. मिठाईच्या दुकानात मधुमेहाचा वर्ग भरवावा, त्यातला प्रकार. पण टेकडीवरच्या इस्पितळाने बारा वर्षं हा वर्ग चालवला आहे आणि तो वाईट नाही. पदवी, नोकरी, अनुभव सगळं आधीच गाठीला असलेले मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारक, समाजसेवक दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात, वर्षभर घरून अभ्यास करतात आणि नोव्हेंबरात दोन आठवडे इथे राहून प्रात्यक्षिकं करतात. प्रात्यक्षिक म्हटलं की माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मिनेको हाताया.

मिनेको चौसष्ट वर्षांची. रेल्वेपुलाच्या खाली तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पॅन्टची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, वाढत्या पोरांचे गणवेश सैल करणं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ती 'शिवणवाली हाताया'. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मात्र ती 'हाताया सेन्सेई', म्हणजे शिकवणाऱ्या बाई, होते. त्या दिवशी डॉक्टर तिच्यासाठी दार उघडून धरतात, तिच्यापुढे पाण्याचा पेला झाकून ठेवतात, आणि बारा शिकलेली माणसं वह्या उघडून तिच्या तोंडाकडे बघत बसतात. आपण दारू कशी प्यायलो आणि कशी सोडली, हे तिने चाळीस मिनिटांत सांगायचं. नऊ वर्षं ती हे सांगत आली होती. यंदाचं दहावं.

इतक्या वेळा सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. सुरुवात मिरिनपासून, म्हणजे माशाच्या रश्श्यात घालतात त्या गोड दारूपासून. सासूबाईंनी बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. मिनेको पीत गेली आणि रेघेपर्यंत पाणी भरत गेली. एक दिवस सासूबाईंनी माशाचा तुकडा तोंडात घातला आणि विचारलं, "मिनेको, हा मासा अजून समुद्रातच आहे का गं?" इथे वर्ग हसायचा. मग नवरा, तेत्सुओ, कारखान्यात कोसळला तो दिवस. भर दुपारी घरचा फोन अकरा वेळा वाजला आणि मिनेको शेजारच्याच खोलीत गादीवर आडवी होती. इथे रुमाल निघायचे. सव्विसावं मिनिट. तिला घड्याळ बघावंही लागायचं नाही. मग तेत्सुओ गेल्यावरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी, त्या दिवशी सोडलेली दारू, दर गुरुवारची दारूत्याग मंडळाची बैठक आणि शेवटी वर्षांचा हिशेब, यंदाचा असा: "आज चौदा वर्षं अकरा महिने झाले." टाळ्या.

गोष्टीत एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त एक तुकडा तिने त्यात कधी घातला नव्हता. वर्गात नाही, आणि जिथे सगळं सांगायचं असतं त्या मंडळातही नाही.

वर्गानंतर महिन्याभराने टपालाने विद्यार्थ्यांचे अभिप्राय यायचे. 'अतिशय हृदयस्पर्शी.' 'कुटुंबाच्या आधाराचं महत्त्व पटलं.' मिनेको ते नीट वाचायची. कागद चांगला जाड असायचा, म्हणून मग पाठकोऱ्या बाजूवर खिशांचे नमुने आखून कापायची. गावातल्या निम्म्या गणवेशांचे खिसे हृदयस्पर्शी कागदांवरून बेतलेले होते.

यंदा वर्गात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे तोमिनागा, वर्गाची नवी व्यवस्थापक. वय एकोणतीस, स्वतः मानसशास्त्राची पदवीधर, हातात कायम एक यादी आणि चेहऱ्यावर ती यादी चुकल्याची भीती. दुसरी म्हणजे मुलाखतीचं प्रात्यक्षिक. वर्गप्रमुख डॉक्टर कुसाकाबेंनी ते मोठ्या हौसेने घातलं होतं. गोष्ट संपल्यावर एका विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर मिनेकोची मुलाखत घ्यायची.

"ह्या आमचं चालतंबोलतं पाठ्यपुस्तक आहेत," कुसाकाबे म्हणाले. "ओनोदेरा, या पुढे."

ओनोदेरा तोत्तोरीकडच्या इस्पितळातला परिचारक. एकतीस वर्षांचा, बारा वर्षं वॉर्डात काढलेला, खांदे रुंद आणि आवाज बारीक. त्याच्या हातात प्रश्नांचं कार्ड होतं.

"हाताया सेन्सेई, शून्य ते दहा अशी पट्टी धरली, तर यापुढे आपण दारूला शिवणार नाही, याची तुम्हाला किती खात्री वाटते?"

मिनेकोने कुसाकाबेंकडे पाहिलं. शाळेच्या संमेलनात आपलं पोर स्टेजवर आलं की बापाचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"दहा," ती म्हणाली.

वर्गाने समाधानाचा श्वास सोडला. ओनोदेराने कार्ड उलटं केलं. पुढचा प्रश्न ठरलेला होता, आकडा सांगितला की 'त्याहून कमी का नाही' असं विचारायचं. दहावर तो विचारताना त्यालाच कसंतरी झालं.

"दहाच का... म्हणजे, नऊ का नाही?"

"नऊ म्हटलं असतं तर तू आठ का नाही विचारलं असतंस."

हशा पिकला. "पाहिलंत?" कुसाकाबे बोट उंचावून म्हणाले. "याला म्हणतात आतून आलेली प्रेरणा. लिहून घ्या." अकरा पेनं कागदावर घसरली.

मग भेट. तोमिनागाने दोन्ही हातांनी पेटी पुढे केली आणि कमरेत वाकली. "अगदीच क्षुल्लक आहे, पण स्वीकारावी." मोठ्या दुकानाचा कागद, त्यावर तांबड्या-पांढऱ्या गाठीची छापील पट्टी, आणि पट्टीवर ठळक अक्षरांत: 'कृतज्ञतेसह, व्यसनोपचार पदव्युत्तर प्रशिक्षण वर्ग'. मिनेकोने दोन्ही हातांनी ती घेतली आणि तीही वाकली. उघडली अर्थातच नाही. देणाऱ्यासमोर भेट उघडणं म्हणजे त्याच्या तोंडावर तिचं मोल करणं, आणि इतकं उघडंवाघडं कुणी वागत नाही. बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन ती अंदाज करत राहिली. जड होती. दरवर्षी साबण असायचा, एकदा पंचे होते. यंदा सोया सॉस असावा.

झालं होतं ते असं. तोमिनागाने सगळ्या नऊ पाहुण्या व्याख्यात्यांसाठी एकाच फोनवर एकच भेट मागवली होती, गावातली सगळ्यात नामांकित वस्तू. यादीत नऊ नावं होती. त्यातलं एक नाव दुकानदाराला पाठवण्याआधी वाचून बघावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. मंजुरीच्या कागदावर पाच जणांचे शिक्के होते. पाचांतले तीन व्यसनोपचारतज्ज्ञ.

घरी सासूबाई पर्सिमनची फळं सोलत बसल्या होत्या. एकोणनव्वदचं वय, दात सगळे स्वतःचे, जीभ तर त्याहून शाबूत.

"काय दिलं यंदा? साबणच असेल. मागच्या साबणाने अजून अंग खाजतंय माझं."

"जड आहे, आई. सोया सॉस वाटतोय."

"मग उघड की. हातात तोलून तोलून आटवणार आहेस का?"

मिनेकोने पट्टी न फाडता कागद सोडवला, पेटी उघडली. आत पातळ कागदात दोन बाटल्या शेजारी शेजारी निजल्या होत्या. गावातल्या सगळ्यात जुन्या कारखान्याची सगळ्यात उंची साके. ज्या कारखान्यात मिनेकोने सतरा वर्षं काम केलं, तोच.

सासूबाईंची सुरी थांबली.

"इस्पितळाने दिली?"

"हो."

"दारू सोडवणाऱ्या इस्पितळाने?"

"हो, आई."

"वा! शिकलेली माणसं." त्यांनी पर्सिमनची फोड तोंडात टाकली आणि शांतपणे चावून गिळली. "ओत मोरीत."

"भेट आहे ती, आई. मोरीत कशी ओतू?"

"नाही ओतायची? मग प्यायची आहे?"

"ती पोरगी नवीन आहे. कळलं तर रडरडून राजीनामा देईल."

"म्हणजे तिने रडू नये म्हणून तू घरात साप पाळणार. बरं आहे. कपाटात ठेवतेस की उशाशी?"

मिनेकोने पेटीचं झाकण लावलं. परत करावी तर डॉक्टरांच्या तोंडावर फेकल्यासारखं. शेजारच्या न्हाव्याला द्यावी तर आणखी पंचाईत. मिनेको हाताया दारू पीत नाही, हे गावाला कारखान्यांच्या धुरांड्यांइतकं पाठ होतं. ती साकेची पेटी घेऊन रस्त्याने चालली तर न्हाव्याच्या दारात पोचण्याआधी बातमी स्टेशनात पोचली असती. आभाराचं कार्ड तेवढं तिने लगेच लिहून टाकलं: 'मौल्यवान वस्तू मिळाली. जपून ठेवीन.'

बुधवारी सकाळी तिने पेटी पिशवीत घालून दुकानात नेली. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर नको, हे तिने स्वतःला दिलेलं कारण. कारण चांगलं होतं. पूर्वीही तिच्याकडे कधी वाईट कारण नसायचं. मशीनखाली कापडाच्या तुकड्यांमागे पेटी सरकवली आणि दिवसभर तिने तिच्याकडे पाहिलं नाही. दिवसभर एखाद्या गोष्टीकडे न बघणं हे बघण्याहून फार मेहनतीचं काम असतं. संध्याकाळी तिची मान आखडली होती.

गुरुवारी साडेअकराला तिने एक बाटली बाहेर काढली. फक्त लेबल बघायला.

लेबल ही तिची विद्या होती. त्या कारखान्यात उंची बाटल्यांवर लेबलं हाताने चिकटवायची, आणि मिनेकोचं लेबल पट्टी न लावता सरळ बसायचं. नव्या मुलींना तिच्या शेजारी बसवून शिकवायचे. ज्या बाटलीचं लेबल तिरकं बसेल ती दुकानात जायची नाही, ती वर्षअखेर कामगारांना वाटायची. तिरकी बाटली म्हणजे कामगाराची बाटली, हा रिवाज. आता हे यंत्र करतं. आणि यंत्राने या बाटलीवरचं लेबल डावीकडे केसभर उतरवलं होतं. गावात दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं.

पंधरा वर्षांत तिला प्यावंसं पुष्कळदा वाटलं होतं. हक्काचं कधी वाटलं नव्हतं.

तिने झाकण फिरवलं. चहाच्या कपात ओतलं, काठोकाठ, एक थेंब न सांडता. हात विसरले नव्हते. कपाभोवती दोन्ही तळवे धरून ती बसून राहिली, थंडीत चहा धरावा तशी.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली.

"उघडं आहे का? माफ करा हं, सायकलच्या साखळीत पॅन्ट अडकली, आणि एक वाजता माझं सादरीकरण आहे, आणि दुसरी पॅन्ट मी आणलेलीच..." ओनोदेरा दारातच थबकला. उजव्या पायाची दुमड फाटून लोंबत होती. त्याने नाक वर केलं. बारा वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाला तो वास ओळखायला पदव्युत्तर शिक्षण लागत नाही.

"पडद्यामागे जा. पॅन्ट काढून दे," मिनेको म्हणाली. ती सगळ्यांना तेच म्हणायची.

तो गेला. पडद्याआडून पॅन्ट आली. नेसायला द्यावं असं दुकानात काही नव्हतं, बालवाडीसाठी शिवायला घेतलेला, पिवळ्या बदकांचा खिडकीचा पडदा सोडून. ओनोदेरा बदकं गुंडाळून बाहेर आला आणि तीन पायांच्या स्टुलावर बसला. मग दोघांनीही कपाकडे पाहिलं.

त्याने घसा साफ केला. "हाताया सेन्सेई, आत्ता, या क्षणी, तुमच्या मनात नेमकं काय..."

"कार्ड आणलंयस का रे?"

"नाही. पॅन्टच्या खिशात आहे."

पॅन्ट मिनेकोच्या मांडीवर होती.

"मी ओतून टाकू का ते?"

"हात लावू नकोस."

"मग फोन करतो. कुसाकाबे सरांना?"

"त्यांनीच पाठवलीय." तिने पायाने पेटी पुढे सरकवली. ओनोदेराने पट्टीवरची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मानेपासून कानापर्यंत तो लाल होत गेला.

"मंगळवारी तुम्ही दहा म्हणालात," तो हळूच म्हणाला.

"मंगळवारी सगळे बघत होते."

"आणि आज?"

मिनेकोने सुईत दोरा ओवला. तिसऱ्या खेपेला गेला.

"तीन."

आणि मग तो जे बोलला ते सवयीने बोलला. अशा वेळी माणूस पाठ केलेलंच बोलतो. "तीन का? म्हणजे... एक का नाही?"

"तुझी पॅन्ट माझ्या हातात आहे म्हणून."

तो हसला नाही. तीही हसली नाही. तिने फाटकी दुमड उसवायला घेतली आणि मान वर न करता बोलायला लागली. लेबलं कशी चिकटवायची ते सांगितलं. तिरक्या बाटलीचा रिवाज सांगितला. आणि मग तो तुकडा. शेवटची चार वर्षं ती मुद्दाम लेबलं तिरकी लावायची. रोज एक, कधी दोन, केसभरच. वर्षअखेरपर्यंत तिचा वाटा सगळ्यांत मोठा व्हायचा. आणि मुकादमाला इतकी तिरकी लेबलं कुणाची हे शोधायची वेळ आली तेव्हा तिने शेजारच्या नव्या मुलीकडे बघितलं. बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. मुलीचं काम गेलं. युकिए नाव होतं तिचं.

"मिरिनचं सांगते तेव्हा लोक हसतात," मिनेको म्हणाली. "फोनचं सांगते तेव्हा रडतात. हिचं सांगितलं तर काय करतील ते मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही."

एरवी ओनोदेरा मान हलवून म्हणाला असता, हे तुम्हाला फार जड गेलं असेल. वॉर्डात तो दिवसातून वीस वेळा तसं म्हणायचा, आणि कुसाकाबेंच्या वर्गात त्याला त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. पण अंगावर बदकं असली की माणसाला तज्ज्ञ होणं अवघड जातं. उठून जाणं तर अशक्यच. म्हणून तो बसून राहिला. गुडघे जवळ घेऊन, तोंड मिटून, चाळीस मिनिटं. त्या नोव्हेंबरात टेकडीवरच्या वर्गात काय काय शिकवलं गेलं मला माहीत नाही. पण व्यसनोपचार म्हणून जे काही असतं, ते त्या दिवशी पुलाखाली झालं आणि ते करणाऱ्याला पॅन्ट नव्हती.

फाटला होता एकच पाय. मिनेकोने दुसराही उसवला आणि नव्याने दुमडला, बारीक टाक्यांनी, जितकं सावकाश शिवता येईल तितकं सावकाश. ओनोदेराला ते दिसत होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

इस्त्री करून तिने पॅन्ट पुढे केली. "घाल. आणि आता ओत."

कपातली, मग बाटलीतली, सगळी त्याने बेसिनमध्ये ओतली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. दुसऱ्या बाटलीकडे बोट करून विचारलं, "ही?"

"तिचं लेबल सरळ आहे. ती माझी नाही. देवाला देईन."

दारात तो घुटमळला. "सेन्सेई, वर्गाच्या शेवटी एक रुग्णवृत्त लिहून द्यायचं असतं. हे लिहिलं तर चालेल? नाव न घालता?"

"लिही की. पण तू बदकांचा पडदा नेसून बसला होतास, तेही लिही."

त्याने खरोखर विचार केला. "मग राहू दे."

"वाटलंच मला. पळ, पाऊण वाजलाय असं समज."

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक होती. मंडळाचा नियम साधा आहे. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, रडायचं असेल तर आपापलं रडायचं. मिनेकोने लेबलं सांगितली, युकिए सांगितली, कप सांगितला. ऐकून कुणीही काही म्हणालं नाही. तिच्यानंतर निवृत्त पोस्टमन योकोई उठले आणि आपल्या मुलाने घेतलेल्या गाडीबद्दल बोलले. मिनेकोला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. प्यायली नव्हती, त्यामुळे पुढच्या महिन्यातलं पंधरा वर्षांचं प्रशस्तिपत्रक कायम होतं. चिटणिसाने ते चष्मा लावून दोनदा विचारून घेतलं, तेवढंच.

शुक्रवारी सकाळी ती उरलेली बाटली पेटीसकट देवळात घेऊन गेली. देवाला साके द्यायला कुणाची ना नसते. देवाला मंडळात यावं लागत नाही. पुजाऱ्याने पेटी घेतली आणि उलट एक छोटी वाटी पुढे केली, तीर्थाची, म्हणजे साकेचीच.

"मला गाडी चालवायची आहे," मिनेको म्हणाली. तिला गाडी चालवता येत नाही.

पुजाऱ्याने रिवाजाप्रमाणे पेटी समोरच्या फळीवर मांडली, देणाऱ्याचं नाव सगळ्यांना वाचता येईल अशी. गावच्या कारखान्यांच्या बाटल्यांच्या रांगेत मधोमध ठळक अक्षरं झळकली: 'कृतज्ञतेसह, व्यसनोपचार पदव्युत्तर प्रशिक्षण वर्ग'. मिनेकोने ते पाहिलं. पेटी फिरवून ठेवा म्हणाली असती तर पुजाऱ्याने फिरवली असती. पण पट्टी जराशी तिरकी बसली होती. तिने ती सरळ केली आणि घरी आली.

रविवारी तीन, पाच आणि सात वर्षांच्या पोरांना नटवून देवळात न्यायचा सण होता. डॉक्टर कुसाकाबे सात वर्षांच्या नातीला किमोनो नेसवून घेऊन आले. फळीसमोर फोटो काढायला पोरीला उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला. मागे उभ्या असलेल्या साके कारखान्याच्या मालकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय डॉक्टर, तुमच्या वर्गालाही देव आठवला म्हणायचा! आमचीच बाटली, पण दिलदारी तुमची." डॉक्टर फार गोड हसले, असं पुजारी सांगतो.

सोमवारी दुपारी तोमिनागा दुकानात आली. दारातच कमरेत इतकी वाकली की मिनेकोला तिच्या मानेमागचं कोटाचं लेबल वाचता आलं. हातात नवी पेटी.

"माझ्या हातून अक्षम्य... मी राजीनामा... सर म्हणाले, आधी तुम्हाला भेटून..."

"आधी सरळ उभी राहा. रड, पण मशीनवर नको, गंजेल."

तोमिनागाने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी पेटी पुढे केली. "अगदीच क्षुल्लक आहे."

मिनेकोने घेतली आणि कात्री उचलली.

"इथेच?" तोमिनागाचा आवाज चिरकला. "माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोरच. आजपासून असंच."

कागद फाटला. आत तपकिरी, चकचकीत फोडी होत्या. काकडीचं उंची लोणचं, साके गाळून उरलेल्या चोथ्यात तीन वर्षं मुरवलेलं. साकेचा वास दुकानभर पसरला. तोमिनागाने दोन्ही हात तोंडावर धरले. "मला वाटलं, भाजी आहे..."

मिनेकोला हसू आलं. सुरुवातीला नाकातून, मग ते आवरेना. मशीनला धरून ती हसली, आणि रडत रडत तोमिनागाही. "सासूबाईंना फार आवडतं हे," मिनेको म्हणाली. "माझ्यामुळे पंधरा वर्षं त्यांना घरात मिळालेलं नाही. आता शेजारच्या न्हाव्याकडे बसून खातील. ऐक, राजीनामा वगैरे देऊ नकोस. गुरुवारी सहाला मंडळात ये. मागच्या रांगेत बस. वही आणू नकोस."

"ओनोदेरांनाही सांगू का? ते मला विचारत होते, तिथे बाहेरच्यांना..."

"सांग. त्याला बसता येतं."

इस्पितळानेही धडा घेतला. त्या वर्षापासून 'भेटवस्तू जोखीम तपासणी' असा दोन पानी तक्ता निघाला. त्यावर आता पाचाऐवजी सात जणांचे शिक्के लागतात.

पुढच्या नोव्हेंबरात मिनेको पुन्हा सेन्सेई झाली. पाण्याचा पेला, बारा वह्या, कुसाकाबेंचा बापाचा चेहरा. नव्या तुकडीतल्या एका मुलीने कार्ड धरून विचारलं, शून्य ते दहामध्ये किती?

"आज सात," मिनेको म्हणाली. "सकाळी आठ होते. बसमधून धुरांडी दिसली."

पाठ्यपुस्तकाने असं मध्येच पान बदललेलं वर्गाला आवडलं नाही. कुसाकाबेंनी टाय सरळ केला. मुलीने घाबरत कार्ड उलटं केलं. "सात का? पाच का नाही?"

मग मिनेकोने लेबलांचं सांगितलं, युकिएचं सांगितलं. चाळीस मिनिटांची पासष्ट झाली. कुणी हसलं नाही, कुणाचा रुमाल निघाला नाही. कुठे काय करायचं ते वर्गाला कळेना. दोघातिघांनी लिहायचं थांबवून पेनं खाली ठेवली. महिन्याभराने अभिप्राय आले. 'विषय थोडा भरकटला,' असं एकाने लिहिलं होतं. कागद नेहमीसारखाच जाड होता. मिनेकोने त्यातून एक चांगला मोठा खिसा काढला.

त्या दिवशी निघताना तोमिनागाने दोन्ही हातांनी पेटी दिली आणि न सांगता कात्रीही दिली. मिनेकोने सगळ्यांसमोर कागद कापला. डॉक्टरांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

साबण होता. सासूबाईंचं अंग पुन्हा खाजणार होतं.